गर्दच्या उपचाराची वाट आपल्या वस्तीपर्यंत कशी आणायची

मार्केट यार्डात हमाली करणारा एक माणूस आमच्या ओळखीचा. दहा-बारा वर्षं गर्द ओढत होता. एके दिवशी स्वतःहून म्हणाला, "बस झालं आता." डॉक्टरांनी तपासून औषध सुरू केलं. जिभेखाली विरघळणारी गोळी, रोज केंद्रावर जाऊन नर्ससमोर घ्यायची. केंद्र उघडायचं सकाळी दहाच्या सुमाराला. यार्डातलं काम पहाटे सुरू होतं आणि दहाला ऐन भरात असतं. दोन बस बदलून जायचं, रांगेत थांबायचं, परत यायचं, तोवर टोळीतली त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असायची. पाच दिवस गेला, सहाव्या दिवशी गेला नाही. वस्तीने निकाल दिला, "त्याला सोडायचीच नव्हती."

मी तेव्हा कागदावर हिशेब मांडला होता. रोजचे साडेतीन तास आणि निम्मी मजुरी. एवढं मोजून रक्तदाबाची गोळी घ्यायला आपल्यातले किती जण रोज गेले असते?

हा लेख त्या साडेतीन तासांबद्दल आहे. पुण्यात उपचार आहेत, चांगले आहेत. पण ते वस्तीपासून लांब आहेत, किलोमीटरच्या हिशेबाने आणि घड्याळाच्याही. गणपती मंडळ, बचत गट, सोसायटीची कमिटी, आशाताई, कोणीही हे अंतर कमी करायला घेऊ शकतं. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. मीही नाही. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. माणूस त्यांच्यापर्यंत पोचवणं आणि तो पोचत राहील हे बघणं, एवढंच आपलं काम. ते वाटतं त्यापेक्षा किचकट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कशाशी गाठ आहे ते कळू द्या

पुण्यात हल्ली वर्तमानपत्रं उघडली की एमडीच्या बातम्या. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ती उत्तेजक नशा. गांजा वेगळा, झोपेच्या गोळ्या वेगळ्या. या लेखात बोलतोय ते अफूच्या कुळातल्या पदार्थांबद्दल. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, पन्नीवर ओढतात किंवा सुईने घेतात. कोडीनचं खोकल्याचं सिरप. आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या. ट्रॅमाडॉल २०१८ साली अमली पदार्थ कायद्याखाली आणलं गेलं, तरी ते मिळतच नाही अशातला भाग नाही. पाठदुखीसाठी सुरू झालेली गोळी दोन वर्षांनी सुटत नाही, अशी माणसं कोथरूडच्या फ्लॅटमध्येही आहेत. त्यांना कोणी 'गर्दुल्ला' म्हणत नाही, एवढाच काय तो फरक.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण अफूच्या कुळासाठी नेमकं औषध आहे. एमडीसाठी तसं बदली औषध नाही, तिथे समुपदेशनावरच सगळी भिस्त. सगळ्यांना एकाच मापाने मोजून 'नशामुक्ती केंद्रात टाका' म्हणणारा माणूस भेटला, तर त्याला थोडं थांबवा.

आकडे एकदाच सांगतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थ घेतात, आणि त्यातल्या साधारण ७७ लाख लोकांना मदतीची गरज आहे. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांत एखाद्यालाच कधी भरती होऊन उपचार मिळाले होते. उरलेल्या एकोणीस जणांना सोडायचंच नव्हतं, असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणू द्या.

टर्की आणि गोळी

गर्द ओढणारे लोक नशा उतरतानाच्या त्रासाला 'टर्की' म्हणतात. शेवटच्या पुडीनंतर साधारण सहा ते बारा तासांत ती सुरू होते. नाक-डोळे गळतात, जांभया, उलट्या, जुलाब, हाडं कोणी पिळतंय असं दुखणं, झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कहर असतो, आठवडाभरात बरीचशी ओसरते. घरचे लोक इथे एक घात करतात. टर्की संपली की माणूस बरा झाला, असं धरून चालतात. शरीर धुऊन निघालं, पण तलफ महिनोन्महिने राहते. त्यातच एक जीवघेणी गोष्ट घडते. काही आठवडे न घेतल्याने शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने पुन्हा घेतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यांत धोक्याचे. 'सुटून आला, आता पेढे वाटा' असं म्हणायची हीच ती वेळ असते.

ही दरी भरून काढायला ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध वापरतात. मेथॅडोन हे दुसरं. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागी जाऊन बसतं जिथे गर्द बसतं, पण अर्धवट काम करतं. टर्की येत नाही, तलफ मंदावते, नशा मात्र चढत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, एचआयव्ही प्रतिबंध कार्यक्रमात, मुख्यतः सुईने नशा करणाऱ्यांसाठी, हे औषध मोफत मिळतं. या उपचाराला ओएसटी म्हणतात.

"म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावायची?" हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक बैठकीत येणार. मी उत्तर देताना आता वाद घालत नाही. मधुमेह्याला इन्सुलिन 'लागतं' असं आपण म्हणतो, 'व्यसन लागलंय' म्हणत नाही, एवढं सांगतो आणि पुढे बोलतो. हे औषध चालू असेपर्यंत मृत्यूचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. किती दिवस घ्यायचं? काहींना महिने, काहींना वर्षं. घाईने बंद करायला लावणारे नातेवाईक हे माझं जुनं दुखणं आहे.

एक बारकावा पाठ करून ठेवा. गर्द अंगात असताना ही गोळी घेतली, तर टर्की एकदम आणि जोरात येते. म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टर माणसाला थोडी टर्की सुरू होईपर्यंत थांबवतात. हे आधी सांगितलं नाही, तर माणूस 'औषधानेच मारलं' म्हणत पळतो, आणि वस्तीतल्या आणखी दहा जणांना पळवतो.

पहिला पंधरवडा: चालत फिरून यादी करा

इंटरनेटवरून यादी उतरवून काढू नका. वेळा बदलतात, डॉक्टर बदलतात, खिडकी बदलते. दोघांनी मिळून प्रत्यक्ष जाऊन या, साध्या रुग्णासारखं रांगेत उभं राहून.

सुरुवात येरवड्यापासून करा. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारातच २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. त्या काळात पुण्यात ब्राउन शुगरची लाट आली होती. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी हे काम उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी होते. आज मुक्तांगण येरवड्यातच आळंदी रस्त्यावर स्वतःच्या जागेत आहे. दाखल होणाऱ्याला तिथे 'रुग्णमित्र' म्हणतात. हा शब्द आपणही उचलावा, असं मला फार वाटतं. मग ससूनचा मानसोपचार विभाग, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरी-चिंचवडकरांसाठी वायसीएम, म्हणजे तिथलं यशवंतराव चव्हाण रुग्णालय. गोळी रोज देणारं जवळचं ओएसटी केंद्र कुठे आहे, हे १०९७ या एचआयव्हीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा, किंवा सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रातल्या समुपदेशकांना विचारा. त्यांना बहुधा डॉक्टरांपेक्षा जास्त माहिती असते.

प्रत्येक ठिकाणी हेच विचारायचं आणि वहीत लिहायचं: नवीन रुग्ण कोणत्या वारी घेतात? केसपेपर किती वाजेपर्यंत? आधार नसेल तर चालतं का? ब्युप्रेनॉर्फिन देता का, की फक्त टर्कीपुरती औषधं? सोबत नातेवाईक सक्तीचा आहे का? बाईमाणसाची वेगळी सोय आहे का? शेवटची गोळी किती वाजता मिळते? सुटीच्या दिवशी काय? हे आठ प्रश्न विचारून झाले, की तुमच्याकडे पुण्यात फार थोड्यांकडे असलेला कागद तयार होतो.

ससूनला गेलात तर समाजसेवा अधीक्षकांना जरूर भेटा. पैशाची, कागदपत्रांची, भरतीची निम्मी भांडणं त्या टेबलावर मिटतात.

हेल्पलाइनचे आकडे मंडळाच्या फळ्यावर लिहा, पण नीट बघून. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस, १४४१६. आणि २०२४ मध्ये सुरू झालेली 'मानस' नावाचीच आणखी एक, १९३३, ती अमली पदार्थ नियंत्रण ब्यूरोची. तिथेही मदतीची दिशा दाखवतात, पण तस्करीची खबर देण्याची सोयही तीच. दोन्ही नावांत मानस असल्याने लोकांचा गोंधळ होतो, आणि घाबरलेल्या आईने चुकून पोलिसांच्या बाजूचा नंबर लावला असं तिला वाटलं, तर ती पुन्हा कुठेच फोन करत नाही. फळ्यावर १४४४६ मोठा लिहा.

खासगी केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा

या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे. "रात्री गाडी पाठवतो, मुलगा झोपेत असतानाच उचलून नेतो, तीन महिने भेटायचं नाही, नंतर सोनं होऊन येईल," असं सांगणारी केंद्रं आहेत. कंटाळलेले आईबाप हातापाया पडून पैसे देतात. मी ओळखतो त्या एका मुलाच्या पाठीवरचे वळ चार महिन्यांनीही गेले नव्हते. आल्यावर आठव्या दिवशी तो पुन्हा पुडीवर होता. तो आईशी अजून बोलत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी जोडलेले आजारही येतात. त्यामुळे रुग्णाला ठेवून घेणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक मागा, भिंतीवरच्या सर्टिफिकेटचा फोटो काढा. स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढ माणसाला स्वतःहून घरी जाण्याचा हक्क आहे. ठरावीक कारणं असतील तरच डॉक्टर त्याला तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवू शकतात. तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर कलम ८९ खाली दाखल करता येतं, पण त्यासाठी तज्ज्ञांनी तपासावं लागतं आणि मुदत ३० दिवसांची असते. साखळी कोणालाच बांधता येत नाही. मारहाण, उपाशी ठेवणं, फोनबंदी करून घरच्यांना तोडणं, यातलं काही दिसलं तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते.

साधी कसोटी सांगतो. डॉक्टर कोणत्या वारी येतात, ते विचारा आणि त्या दिवशी न सांगता जा. डॉक्टर दिसले, तर बोलणं पुढे न्या.

पहिलं बोलणं

रात्री भांडण चालू असताना नको. नशेत असताना नको. टर्कीने तळमळत असताना तर मुळीच नको, तेव्हा माणूस कशालाही हो म्हणतो. सकाळी पुडी ओढून दोन-तीन तास झालेले असतात, माणूस सावध असतो, ती वेळ बरी. टपरीवर चहा घ्या. "तू घरच्यांचं काय केलंस बघ" हे त्याने हजार वेळा ऐकलंय. त्याऐवजी विचारा, "शेवटची सोडली होतीस तेव्हा किती दिवस निघाले? मग काय झालं?" या प्रश्नाला मला आजवर कोणी खोटं उत्तर दिलेलं नाही. आणि उत्तरात बहुतेक वेळा पैसा, टर्की किंवा एकटेपणा यातलं एक येतं. तिथून मदत कुठून सुरू करायची ते कळतं.

वस्तीतला सगळ्यात मोठा अडसर पोलिसांचा असतो. "केंद्रात नाव लिहिलं की पोलीस घरी येतील." १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात सेवन हा गुन्हा आहे हे खरं. पण त्याच कायद्यातलं कलम ६४-अ सांगतं, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला गेला आणि उपचार पूर्ण केला, तर त्या आरोपासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्ध्यात सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं, आणि विकणाऱ्याला ते लागू नाही. ज्याच्यावर आधीच गुन्हा आहे, त्याला शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात न्या. फोन करायचा तर १५१००. मोफत वकिलाची सोय तिथून होते. मंडळाच्या अध्यक्षाने स्थानिक पोलीस चौकीत एकदा जाऊन आपण काय करतोय ते सांगून ठेवावं, मात्र कोणाचंही नाव सांगायचं नाही. नाव विचारलं तरी नाही.

पहिले दहा दिवस सोबत

इथे खरं काम आहे आणि इथेच उत्साह संपतो. पाच जणांची पाळी लावा. एका माणसामागे रोज एक जण जाईल, पहिले दहा दिवस. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात. तोवर बोलायचं नाही, गिळायची नाही. नर्स समोर बसवते ते अपमान करायला नव्हे, गोळी बाहेर विकली जाऊ नये म्हणून. हे आधीच सांगितलं की भांडणं टळतात. सोबत गेलेल्याने उपदेश करू नये. क्रिकेटवर बोला.

बसभाड्याचा प्रश्न लाजेचा असतो, कोणी तोंडाने मागत नाही. पीएमपीएमएलचा मासिक पास काढून द्या, रोख देऊ नका. मालकाशी, मुकादमाशी बोलायचं असेल तर त्या माणसाची परवानगी घेऊन, आणि 'उपचार चालू आहेत, महिनाभर तासभर उशीर होईल' एवढंच. कसला उपचार ते सांगायची गरज नाही. यार्डातल्या त्या हमालासाठी आम्ही नंतर एवढंच केलं होतं, टोळीच्या मुकादमाला भेटलो. तो म्हणाला, "आधी का नाही सांगितलं?"

ज्यांनी सुई वापरली आहे, त्यांची एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची तपासणी पहिल्याच आठवड्यात. हिपॅटायटिस सीवर २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत औषधं आहेत. बहुतेकांचा उपचार बारा आठवड्यांत पूर्ण होतो आणि तो आजार बराच होतो, हे ऐकून लोक चकित होतात. गरोदर बाई असेल तर तिने घरच्या घरी एकदम काहीही बंद करू नये, आधी डॉक्टर.

आणि दारू. गर्द सुटली म्हणून जल्लोषाला क्वार्टर मारणारे कमी नाहीत. ब्युप्रेनॉर्फिनवर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. हे वाक्य त्याला, बायकोला आणि मित्रांना वेगवेगळं सांगा.

श्वास थांबत असेल तेव्हा

माणूस हाका मारून उठत नाही, श्वास अगदी हळू आहे किंवा घोरल्यासारखा घरघर आवाज येतोय, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. 'झोपलाय, झोपू दे' म्हणून सोडलेली माणसं सकाळी उठत नाहीत.

१. खांदे हलवा, जोरात हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी घासा. उठला नाही तर पुढे.

२. १०८ ला फोन. 'श्वास बंद पडतोय' हे शब्द वापरा. वस्तीतल्या गल्लीत गाडी येत नसेल, तर एकाला नाक्यावर उभं करा.

३. उताणा झोपवा, हनुवटी वर करा, तोंडात काही अडकलं असेल तर काढा, नाक दाबून तोंडाने श्वास द्या. दर पाच सेकंदांना एक. नाडी लागत नसेल तर छातीवर दाब द्या.

४. नॅलॉक्सोन (गर्दचा अंमल उतरवणारं औषध) असेल आणि ते द्यायला शिकवलेलं कोणी असेल, तर मांडीत इंजेक्शन. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं.

५. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. नॅलॉक्सोनचा अंमल अर्धा ते दीड तासच असतो, गर्दचा त्याहून जास्त. उठून बसला, शिव्या द्यायला लागला, तरी रुग्णालयात न्यायचंच.

लिंबूपाणी, मिठाचं पाणी, ताक, डोक्यावर बादली ओतणं, यातलं काही नको. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

आपल्याकडे नॅलॉक्सोन मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात मिळतं, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. म्हणून वस्तीजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आजच जाऊन विचारा: तुमच्याकडे दोन-चार अँप्युल ठेवाल का? आमच्या चार पोरांना श्वास द्यायला आणि इंजेक्शनबद्दल शिकवाल का? ज्या मंडळांकडे रुग्णवाहिका आहे, त्यांनी तिच्यातल्या माणसांपासून सुरुवात करावी.

घरच्या बायका

उपचार सगळे पुरुषाभोवती फिरतात आणि कर्ज बाईच्या नावावर असतं. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, आणि व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग. बचत गटाच्या बैठकीत हे नुसतं जाहीर करा, पुढे काही विचारू नका. बैठक संपल्यावर एखादी मागे रेंगाळते. ती स्वतःसाठी विचारत असू शकते, नवऱ्यासाठीच असं धरू नका. ज्या बायका गोळ्या घेतात, त्या सकाळी दहाला केंद्रावर जाऊ शकत नाहीत. मूल शाळेतून यायचं असतं आणि सासूला कारण काय सांगणार? त्यांच्यासाठी नेहमीच्या दवाखान्याच्या निमित्ताने भेट जुळवावी लागते.

व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांनीच चालवलेल्या नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या सभा पुण्यात होतात, फी नसते, नाव सांगावं लागत नाही. सगळ्यांना त्या भावतात असं नाही. काही सभांत औषधावर असलेल्याकडे तिरकं बघतात, असंही मी ऐकलंय. मग दुसरी सभा शोधावी.

महापालिकेकडे काय मागायचं

आतापर्यंतचं सगळं पाच-सात माणसांना पुरतं. पन्नासांना पुरवायचं असेल, तर गोळीच वस्तीजवळ यायला हवी. इथे गंमत अशी, की रुग्णालय एका खात्याचं, ओएसटी राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत, पुनर्वसन केंद्रांचं अनुदान सामाजिक न्यायाकडून, दवाखान्याची इमारत महापालिकेची आणि गुन्हा गृह खात्याचा. प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणार. म्हणून 'आमच्या भागात व्यसनमुक्ती केंद्र द्या' असं मोघम निवेदन देऊ नका. त्यावर 'नोंद घेतली' असा शिक्का मिळतो.

नेमकं मागा. महापालिकेच्या अमुक दवाखान्यात, सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी सहा ते आठ, मुख्य केंद्राला जोडलेलं गोळी देण्याचं उपकेंद्र. एक खोली, एक नर्स, कुलूपबंद कपाट, आठवड्यातून एकदा डॉक्टर. अशी जोड-केंद्रं नॅकोच्या कार्यक्रमात बसतात. दुसरी मागणी, स्थिर झालेल्या रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी देण्याची. २०२० च्या टाळेबंदीत अशी मुभा दिली गेली होती, त्यामुळे 'शक्यच नाही' हे उत्तर टिकत नाही. निवेदनाच्या प्रती महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना, जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हा एड्स नियंत्रण पथकाला. क्षेत्रीय कार्यालयात आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

निवेदनाआधी माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. विचारा: मागच्या वर्षात केंद्रात किती नवीन रुग्ण आले, तीन महिन्यांनंतर किती टिकले, किती दिवस गोळ्यांचा साठा नव्हता, मंजूर पदं किती आणि भरलेली किती. साठा नसलेले दिवस हा आकडा हातात आला, की बैठकीतला आवाज बदलतो.

त्याच्या जोडीला तुमची वही. 'गोळी चुकलेले दिवस आणि कारण' असे दोनच रकाने. नाव नाही, फक्त क्रमांक. "कामाची वेळ", "बस नाही", "केंद्र बंद", "रांग". शंभर नोंदी झाल्या की तो तुमच्या भागाचा अहवाल. क्रमांक कोणाचा कोणता, हा कागद वेगळा, एकाच माणसाच्या घरी. व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही नाही. मंडळाच्या ग्रुपवर एकदा पडलेलं नाव लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचतं.

विरोध होईल. 'दवाखान्यात गर्दुल्ले येतील, आमच्या लेकीबाळी तिथून जातात.' ओरडणाऱ्याशी सभेत भांडू नका, त्याच्या घरी जा. आमच्याकडे सगळ्यात जोरात ओरडणाऱ्या गृहस्थांच्या पुतण्याला चार महिन्यांनी आम्हीच येरवड्याला घेऊन गेलो.

पाय घसरला तर

घसरणारच, बऱ्याच जणांचा एकदा नाही, तीन-चारदा. केंद्राच्या भाषेत स्लिप. त्या दिवशी तो तोंड लपवतो, पाळीचा माणूस रागावतो आणि साखळी तुटते. आमचा नियम असा, की घसरला तरी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच नाक्यावर पाळीचा माणूस उभा राहणार. तो आला नाही तर तिसऱ्या दिवशीही. केंद्रात खरं सांगायचं, म्हणजे डॉक्टर मात्रा बघतील. लपवलं तर मात्रा चुकते.

आणि वर्षभराच्या दिनदर्शिकेवर आजच चार ठिकाणी खूण करून ठेवा. दिवाळी, होळी, पालख्यांच्या मुक्कामाचे दिवस आणि अनंत चतुर्दशी. विसर्जनाला पेठांतले रस्ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद असतात, बस वळवलेल्या असतात, आणि मंडळाचा प्रत्येक कार्यकर्ता ढोलामागे असतो. नेमका त्या दिवशी माणूस एकटा, मोकळा आणि गर्दीत असतो. केंद्र चालू आहे का, किती वाजेपर्यंत, कोणत्या पुलावरून जायचं, हे आठवडाभर आधी विचारून घ्या. आणि दोन जणांची नावं मिरवणुकीच्या यादीतून काढून गोळीच्या पाळीवर टाका. आमच्याकडे यावरून दरवर्षी भांडण होतं. गेल्या वर्षी चिठ्ठी टाकली, तर ताशा वाजवणाऱ्याचंच नाव निघालं; गेला बिचारा.